येरवड्यातले कच्चे कैदी : जामीन झाला तरी आतच. हे दिवस मोजायचे कुणी?

सोनचाफा

आपल्या देशात तुरुंगात असलेल्या दर चार माणसांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातली गुन्ह्यांची आणि तुरुंगांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२२ चा अहवाल बघा. एकूण कैदी ५,७३,२२०, त्यातले न्यायाधीन बंदी ४,३४,३०२. आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते हेच. पाच वर्षांहून जास्त काळ असे बसून असलेले ११ हजारांच्या वर आहेत. आपलं येरवडा कारागृह १८७१ सालचं, आणि आज क्षमतेच्या दुपटीहून जास्त भरलेलं.

मी विश्रांतवाडीला राहते. जाता-येता ती भिंत दिसते, पण आत कोण आहे याचा विचार कधी केला नव्हता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा मुलगा आत गेला तेव्हापासून करते आहे. मावशी पाटील इस्टेट वस्तीतल्या. मुलगा विशीतला, आधीचा एकही गुन्हा नाही. एका दुचाकीचोरीत पकडला, मग पोलिस कोठडीत असतानाच आणखी दोन गाड्यांच्या गुन्ह्यांत वर्ग केला. तिन्ही प्रकरणांत चार्जशीट झालं आणि जामीनही झाला, प्रत्येकी १५,००० चा एक जामीनदार या अटीवर. मावशींकडे ना सातबारा, ना घरपट्टीची पावती. नातेवाईक सगळे भाड्याच्या खोलीत किंवा झोपडपट्टीत. जामीनदार मिळत नाही म्हणून पोरगा आत. वर्ष उलटून गेलं, तिन्ही खटल्यांत एकाही साक्षीदाराची साक्ष झालेली नाही.

परवा मावशींनी विचारलं, "ताई, आतला एक जण त्याला म्हणतोय, गुन्हा कबूल करून टाक, जेवढं काढलंस तेवढीच शिक्षा देतात, लगेच बाहेर येशील. करू देऊ का?"

मला काहीही सुचलं नाही. चोरी त्याने केली की नाही हे मला माहीत नाही आणि खरं तर मावशींनाही माहीत नाही. ते ठरवायला कोर्ट आहे. पण कोर्टाने ठरवायच्या आतच नुसतं बसून बसून माणूस कबुलीपर्यंत येतो, ही गोष्ट मला सहन होत नाहीये. जाणकारांनी कृपया लिहा. अशा वेळी नेमकं काय करता येतं?

पानशेत

ताई, तुमची तळमळ कळते. पण दुसरी बाजूही मांडतो. माझी गाडी सिंहगड रोडवरून सोसायटीच्या दारातून गेली. तिचे हप्ते मी अजून भरतोय. पोलिस स्टेशनला किती हेलपाटे घातले ते मलाच ठाऊक. तीन-तीन गुन्ह्यांत नाव आलेला पोरगा सुटला आणि पुन्हा तेच करायला लागला तर? थोडा विचार फिर्यादीचाही व्हावा.

सोनचाफा

तुमची गाडी गेली याचं मलाही वाईट वाटतं, आणि तुमचा राग रास्त आहे. एक विचारू? तुमच्या प्रकरणात आरोपी पकडला ना? तुम्हाला साक्षीला बोलावलं का?

पानशेत

पकडलाय. साक्षीचं समन्स अजून आलेलं नाही. आरोपी आत आहे की बाहेर तेही कुणी सांगितलं नाही.

आकडेमोड

"किती काळ आत राहतात" या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि चर्चेत त्यांची गल्लत होते, म्हणून लिहितो.

एनसीआरबी ३१ डिसेंबरला जे लोक आत आहेत ते मोजते आणि प्रत्येकाला तोपर्यंत किती काळ झाला ते पाहते. जे आठ-पंधरा दिवसांत जामिनावर सुटले ते वर्षभरात कितीही असोत, त्या दिवशी आत नसल्याने यादीत दिसत नाहीत. स्वारगेट स्टँडवर एका क्षणी उभं राहून माणसं मोजली तर ज्यांची गाडी तासन्‌तास आलेली नाही तेच जास्त सापडतील, तसं आहे हे. त्यामुळे या तक्त्यावरून "सरासरी कच्चा कैदी अमुक महिने आत असतो" असं कुणी काढत असेल तर ते चूक आहे.

उलट बाजूही बघा. तक्त्यात ज्याच्यापुढे दोन वर्षं लिहिलंय तो त्या दिवशी सुटलेला नाही. त्याचं मोजमाप अजून चालूच आहे, म्हणजे दोन वर्षं हा त्याचा कमीत कमी आकडा झाला. माणूस अटकेपासून सुटकेपर्यंत किंवा निकालापर्यंत एकूण किती दिवस आत होता, हे गुन्ह्याच्या प्रकारानुसार आणि जिल्ह्यानुसार प्रसिद्ध व्हायला हवं. तारखा कोर्टाकडे आहेत आणि तुरुंगाकडेही आहेत.

काळा_कोट

शिवाजीनगरला फौजदारी वकिली करतो. सोनचाफाताई, सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मावशींसारखी माणसं आमच्या कोर्टाच्या आवारात रोज दिसतात.

आधी कबुलीचं. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, हे खरं आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८ आहे. त्यामुळे छोट्या गुन्ह्यात कबुली दिली की "भोगली तेवढी शिक्षा" असा निकाल होतो आणि माणूस संध्याकाळी बाहेर येतो. आतला तो माणूस खोटं बोलत नाहीये. पण त्या पोराच्या नावावर तीन गुन्ह्यांत दोषसिद्धी लागेल. उद्या चाकणला कंपनीत, हिंजवडीत सिक्युरिटीला, कुठेही कामाला गेला की पोलिस पडताळणीचा दाखला मागतात. आणि उद्या एखादी गाडी चोरीला गेली की पहिला फोन त्याच्याच घरी. त्याने खरंच केलं असेल आणि वकिलाशी बोलून, समजून-उमजून कबूल करायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे. बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही म्हणून कबुली देऊ नये. रस्ते आहेत.

याच नव्या संहितेच्या कलम ४७९ बद्दल सगळे बोलतात म्हणून ते आधी घेतो. १ जुलै २०२४ पासून हे कलम आहे. गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, तिच्या निम्मा काळ खटल्याआधीच आत गेला तर जामीन. जुन्या संहितेच्या कलम ४३६-अ मध्येही हे होतं. नवीन भर अशी की, ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही त्याला एक तृतीयांश काळानंतरच सोडायचं, आणि तेही बाँडवर. नव्या संहितेत बाँड म्हणजे जामीनदाराशिवाय, नुसता जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणजे एक वर्ष पुरं झालं की पात्र. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं की १ जुलैच्या आधीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे. आणि मुदत भरली की कोर्टात लेखी अर्ज करायची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे.

मग मावशींच्या मुलाचं काय अडलं? पोटकलम २. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सोडता येत नाही. गाडीचोरीत पकडलेल्या पोराला त्याच भागातल्या आणखी दोन-तीन न उलगडलेल्या गुन्ह्यांत वर्ग करतात. कधी ते खरं असतं, कधी फाईल बंद करायची घाई असते. कसंही असो, दुसरा गुन्हा चिकटला की ४७९ चा दरवाजा बंद. माझ्या मते या कलमातला सगळ्यात दुखरा भाग हाच आहे. गरीब पोरांवरचे गुन्हे एकेकटे येतच नाहीत.

पण तुमच्या प्रकरणात जामीन मिळवायचा प्रश्नच नाही, तो झालेला आहे. भांडायचंय ते अटीशी. सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत: जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुमच्याकडे तर महिन्यांवर महिने गेलेत.

शिवाय तीन प्रकरणं म्हणजे तीन वेगळे जामीनदार, हेही अपरिहार्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात अर्जदाराला वेगवेगळ्या राज्यांतल्या तेरा प्रकरणांत जामीन होता आणि इतके जामीनदार आणायचे कुठून हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने तेच ते जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील असा आदेश दिला. मोतीराम प्रकरण तर १९७८ चं. एका गवंड्याला १०,००० चा जामीनदार मागितला होता आणि दिलेला जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं. इतकी वर्षं झाली, आणि आजही ऐपतीचा दाखला नसलेला बाप कोर्टाच्या पायरीवर बसलेला दिसतो.

तर तिन्ही कोर्टांत अर्ज द्या: जातमुचलक्यावर सोडावं, नाहीतर थोडी रोख रक्कम भरून घेऊन जामीनदारासाठी मुदत द्यावी, नाहीतर एकच जामीनदार तिन्हीकडे ग्राह्य धरावा. जामीन आदेशाच्या तारखा ठळक लिहा.

एक विनंती. आवारात "जामीनदार देतो" म्हणत फिरणाऱ्यांच्या नादी लागू नका. बनावट कागदपत्रांवर जामीनदार उभे करणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. कागद खोटे निघाले की जामीन जातोच, वर नवा गुन्हा.

सोनचाफा

काळा_कोट, मनापासून आभार. सात दिवसांची गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. वकील नेमायचे पैसे मावशींकडे नाहीत. आधीच्या वकिलांना एकदा पैसे दिले, त्यानंतर ते फोन उचलत नाहीत.

निशिगंधा_क

पैशांची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. जाताना आधार कार्ड, तिन्ही केस नंबर आणि जामीन आदेशांच्या नकला घेऊन जा.

केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजनाही आहे. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या न्यायाधीन बंद्यासाठी आर्थिक मदत मिळू शकते, जिल्हा पातळीवरच्या समितीमार्फत; २०२३ मध्ये तिची मर्यादा ४०,००० रुपये होती. त्याबद्दलही तिथेच विचारा. मी स्वयंसेवक म्हणून हे काम पाहिलंय. विचारणारा नातेवाईक समोर उभा असला की कागद हलतो. ज्यांच्यामागे कुणीच नाही, परराज्यातून बांधकामावर आलेली मुलं, त्यांचं नावही कुणी घेत नाही.

निवृत्त_खाकी

पोलिस दलात होतो. कैद्यांना कोर्टात नेणारी गार्ड पार्टी हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. तारखा का लांबतात याचं एक कारण मी जवळून पाहिलंय.

कैदी न्यायचा तर मुख्यालयातून माणसं मिळावी लागतात. पालखी पुण्यात आली, गणपती आले, निवडणूक लागली, मोठ्या नेत्याचा दौरा लागला की ही माणसं बंदोबस्ताला जातात. त्या दिवशीचा कैदी आतच राहतो आणि कोर्टात "आरोपी हजर केला नाही" अशी नोंद होऊन पुढची तारीख पडते. येरवड्याहून शिवाजीनगर अगदी जवळ, तरी हे होतं. पोलिस मुद्दाम करतात असा समज असतो. खरं कारण मनुष्यबळाचं आहे, पण कैद्याचा महिना जायचा तो जातोच.

आता व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आल्यापासून रिमांडच्या तारखा सुरळीत होतात, ही चांगली गोष्ट. मात्र पडद्यावर हजेरी लागते आणि कैदी-वकील यांची भेटच होत नाही. पूर्वी कोर्टाच्या लॉकअपच्या जाळीतून का होईना, वकील दोन शब्द बोलायचा, आईच्या हातचा डबा दिसायचा.

पानशेत, तुमच्यासाठी सांगतो. तपास अधिकाऱ्याची बदली होते, पंच पत्ता बदलतात, फिर्यादीचा फोन नंबर बदलतो. खटला लांबला की साक्षीदार गळतात आणि खरा चोरही निर्दोष सुटतो. उशिराने फिर्यादीचंही नुकसानच होतं.

भीमथडी

माझा भाऊ आत होता, मारामारीच्या गुन्ह्यात. पुढे निर्दोष सुटला. फार लिहवत नाही, पण थोडं सांगते.

मुलाखतीला सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे आपण, मधे फोन. पहिली दोन मिनिटं तो फक्त "तारीख कधी आहे" हेच विचारायचा. मी ई-कोर्टच्या ॲपवर केस नंबर टाकून रोजनामा बघून जायचे आणि त्याला वाचून दाखवायचे: "आरोपी व्हीसीद्वारे हजर. साक्षीदार गैरहजर. पुढील तारीख." पुढच्या वेळी पुन्हा तेच वाक्य. शेवटी तो म्हणाला, वाचू नकोस, नुसती तारीख सांग.

वाईट सवयीची मुलं आणि पहिल्यांदा आलेली मुलं एकाच बराकीत. झोपायला कूस वळवण्यापुरती जागा. आत गेला तेव्हा त्याची टेम्पोवरची नोकरी होती, बाहेर आला तेव्हा टेम्पो मालकाने विकलेला होता. लग्न ठरत होतं ते मोडलं. निर्दोष म्हणून कागद मिळाला. त्या दिवसांची भरपाई म्हणून काहीच मिळत नाही.

ताई, मावशींना सांगा, मनीऑर्डर थोडी का होईना, पाठवत राहा. आत कॅन्टीनमधून साबण-बिस्किट घेता येतं, आणि मुख्य म्हणजे आपलं कुणी आहे हे त्याला कळत राहतं.

लेस्टरकर

मूळचा कोथरूडचा, आता इंग्लंडमध्ये. इथली पद्धत सांगतो, कारण तुलना उपयोगी पडेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोठडीला कायद्याने मुदत घातलेली आहे. मोठ्या गुन्ह्यांच्या क्राउन कोर्टात १८२ दिवस, खालच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात ५६ दिवस. त्या आत खटला सुरू झाला नाही तर सरकारी पक्षाला मुदत संपायच्या आधी कोर्टात येऊन सांगावं लागतं की आम्ही हयगय केलेली नाही आणि उशिराला सबळ कारण आहे. न्यायाधीशांना पटलं तरच मुदत वाढते. करोनात सप्टेंबर २०२० मध्ये ही मुदत २३८ दिवस केली होती, जून २०२१ मध्ये पुन्हा १८२ वर आणली.

इथेही सगळं आलबेल नाही. खटले तुंबलेत, मुदतवाढी होतात, आणि २०२४ मध्ये कच्च्या कैद्यांची संख्या १७ हजारांवर गेली. तरी ते एकूण कैद्यांच्या साधारण पाचवा हिस्सा आहेत, आपल्याकडे तीन चतुर्थांश. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक असा की इथे दिवस मोजायचं काम सरकारी वकिलाच्या गळ्यात आहे. आपल्याकडे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. चार्जशीट आल्यानंतर खटला कधी सुरू व्हावा याला तसा धाक नाही.

काळा_कोट

लेस्टरकर, अगदी बरोबर. ९० व्या दिवसापर्यंत तपास अधिकाऱ्याची धावपळ असते, ९१ व्या दिवसापासून कुणालाच घाई नसते.

थोडासा धाक एका ठिकाणी आहे, तो सांगायचा राहिला. मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या अजामीनपात्र गुन्ह्यात साक्षीची पहिली तारीख ठरल्यापासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी सगळा वेळ आत असेल, तर त्याला जामीन द्यायचा, नाकारायचा तर कारणं लिहायची. आताचं कलम ४८०(६). अडचण अशी की घड्याळ सुरू होतं साक्षीच्या तारखेपासून, आणि दोषारोप निश्चितच झाले नाहीत, म्हणजे खटला कोणत्या आरोपांवर चालवायचा हे कोर्टाने ठरवलंच नाही, तर ती तारीख येतच नाही.

मुठाकाठ

मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) आणि यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा) याबद्दल कुणी बोललं नाही. तिथे चार्जशीटची मुदतच १८० दिवसांपर्यंत वाढते आणि जामिनाच्या अटी फार कडक. एल्गार परिषद प्रकरण आपल्या विश्रामबाग पोलिस स्टेशनातलं, जानेवारी २०१८ चं. रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ ला जामीन दिला, खटला लवकर संपण्याची शक्यता नाही म्हणून. साडेसहा वर्षं. स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले. त्यांच्या विचारांशी कुणी सहमत असो वा नसो, खटलाच उभा राहिला नाही ही गोष्ट सगळ्यांना सारखीच खुपायला हवी.

संपादक

मुठाकाठ यांनी मुद्दा नेमका मांडला आहे. त्या प्रकरणाच्या राजकीय बाजूची चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर करावी. इथे कोठडीच्या काळापुरतंच बोलू.

पानशेत

वाचतोय सगळं. मी माझ्या केसचा नंबर ई-कोर्टवर शोधला. आरोपी वर्षभर आत आहे आणि दोषारोप निश्चित झालेले नाहीत. म्हणजे मला साक्षीला बोलावणार कधी? मी येत्या तारखेला कोर्टात जाऊन सरकारी वकिलांना भेटणार आहे. मी साक्ष द्यायला तयार आहे, लवकर बोलवा, एवढं तरी सांगेन.

सोनचाफा

पानशेत, हे वाचून फार बरं वाटलं.

आमच्याकडची खबर. प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, वकील नेमून मिळाले. ते स्वतः येरवड्यात जाऊन मुलाला भेटले. कबुलीचं काय करायचं ते त्यालाच विचारलं, तो म्हणाला की पहिल्या गाडीबद्दल मी काय ते कोर्टात सांगेन, उरलेल्या दोन मी पाहिलेल्याही नाहीत. तिन्ही कोर्टांत अर्ज दिले. एका कोर्टाने जातमुचलक्यावर सोडायचा आदेश दिला. दुसऱ्याने सरकारी पक्षाचं म्हणणं मागवलंय. तिसऱ्यात साहेब रजेवर होते, पुढच्या आठवड्याची तारीख आहे. तिन्ही झाल्याशिवाय तो बाहेर येणार नाही.

काळा_कोट

पहिला आदेश उरलेल्या दोन्ही कोर्टांत दाखल करा, उपयोग होईल. सुटकेचा आदेश निघाला की तो तुरुंगात ईमेलने गेला का, हे त्याच दिवशी विचारा. नावात किंवा केस नंबरात एका आकड्याची चूक असली तरी रात्र आत जाते.

घोडनदी

नवीन सदस्य आहे. आमच्या चुलत्यांचा खटला बारामती कोर्टात आहे पण ते येरवड्यात आहेत. एकच केस, आधी कधी शिक्षा नाही, फसवणुकीचं कलम, ७ वर्षांपर्यंत शिक्षेचं. अडीच वर्षं झाली. अर्ज पुण्यात द्यायचा की बारामतीला?

काळा_कोट

बारामतीला, जिथे खटला चालू आहे त्याच कोर्टात. ७ वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे २ वर्षं ४ महिने, ते उलटून गेलेत. आधी कारागृह अधीक्षकांच्या नावाने अर्ज देऊन अटकेच्या तारखेपासूनचा कोठडीचा दाखला मागा आणि कलम ४७९ खाली त्यांनी अर्ज केला का ते त्याच अर्जात विचारा. पोहोच घ्या. वकील नसेल तर बारामतीत तालुका विधी सेवा समिती आहे. दाखला हातात आला की इथे लिहा, मसुदा मी पाठवतो.